मुलांचा हिवताप : धोक्याची सूचना रक्त आधी देईल काय ?

(गौलीगुडा, हैदराबाद येथील मराठी भाषक पालक व शिक्षकांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



गौलीगुडा हा हैदराबाद शहराचा जुना व गजबजलेला भाग होय. मुसी नदीकाठचे महात्मा गांधी बसस्थानक येथून अगदी जवळ आहे. तेथून दूरदूरच्या जिल्ह्यांत आणि शेजारच्या राज्यांत गाड्या जातात. व्यापार, शिक्षण व नोकरी यांच्या निमित्ताने या शहरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे नातेसंबंध मराठवाड्यात व विदर्भात पसरलेले आहेत. शाळेला सुटी लागली की मुले आजोळी जातात, लग्नसराईत सारे कुटुंब गावी जाते आणि गावाकडची माणसे उपचारासाठी शहरात येतात. या येण्याजाण्यात एक प्रवासी कोणाच्याही दृष्टीस न पडता सोबत येऊ शकतो. तो म्हणजे हिवतापाचा परोपजीवी जंतू.

फॅल्सिपेरम जातीचा जंतू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारणपणे एक ते दोन आठवडे लागतात. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू तर यकृतात महिनेन् महिने सुप्त राहू शकतो. म्हणून डास चावतो जंगलाकाठच्या गावात आणि ताप भरतो शहरातल्या घरात. शहरात तापाचे मूल आले की प्रथम डेंग्यूची शंका घेतली जाते. मूल दोन आठवड्यांपूर्वी कोठे गेले होते, हे कोणी विचारले नाही व कोणी सांगितले नाही, तर मोलाचे दोन दिवस हातचे जातात. फॅल्सिपेरमच्या हिवतापात दोन दिवस हा फार मोठा काळ आहे.

येथेच आजच्या विषयाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. दोन मुलांना सारखाच ताप आहे, दोघांच्याही रक्तात हिवतापाचे जंतू सापडले आहेत. एक मूल औषध घेऊन तीन दिवसांत खेळू लागते. दुसरे मूल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेशुद्ध होते. या दोघांतले कोणते मूल कोणत्या वाटेने जाणार, हे पहिल्याच दिवशी रक्ताच्या थेंबावरून ओळखता येईल काय ? गेली काही दशके जगभरातील संशोधक या प्रश्नाचे उत्तर शोधीत आहेत. त्यांच्या हाती काय आले आहे, काय अजून यावयाचे आहे आणि ते येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावयाचे, याचा हा विचार आहे.

सिकंदराबादचा शोध

हिवतापाच्या इतिहासात या शहराचे नाव कायमचे कोरले गेले आहे. फ्रेंच वैद्यक लाव्हराँ यांनी १८८० साली अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हिवतापाचा जंतू प्रथम पाहिला. परंतु तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा जातो, हे कोडे सुटले नव्हते. सिकंदराबादेत सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असलेले सर रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये हुसेन खान नावाच्या रुग्णास डास चावू दिले आणि त्या डासांचे विच्छेदन केले. दर डासामागे या रुग्णास एक आणा दिला जात असे. २० ऑगस्ट १८९७ रोजी बेगमपेठ येथे रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत काही गोल पेशी दिसल्या. त्या पेशींत काळसर कण होते. तसेच कण रुग्णाच्या रक्तातील जंतूंत असतात, हे त्यांना ठाऊक होते. त्या कणांवरून ओळख पटली. अॅनॉफिलिस डासाच्या शरीरात हिवतापाचा जंतू वाढतो, हे सिद्ध होण्याचा मार्ग येथे मोकळा झाला. या कार्याबद्दल रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ते काळसर कण म्हणजे काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे. जंतू तांबड्या पेशीत शिरून हिमोग्लोबिन खातो आणि त्याचा न पचलेला अवशेष रंगकणाच्या रूपाने उरतो. पेशी फुटली की हे कण रक्तात येतात आणि पांढऱ्या पेशी ते गिळून टाकतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिएतनाममधील प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांच्या पांढऱ्या पेशींत हे कण अधिक आढळले, त्यांच्या जिवास धोकाही अधिक होता. म्हणजे ज्या कणांनी रॉस यांना डासाची वाट दाखविली, तेच कण पुढे रुग्णाच्या भवितव्याची खूण ठरले. रक्तातील अशा खुणेलाच शास्त्रज्ञ ‘जैवसूचक’ म्हणतात.

साधा हिवताप गंभीर कसा होतो ?

फॅल्सिपेरम जंतू तांबड्या पेशीत सुमारे ४८ तास वाढतो. वाढीच्या उत्तरार्धात त्या पेशीच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे तयार होतात आणि ती पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरास चिकटते. अशा असंख्य पेशी मेंदूत, आतड्यांत, फुप्फुसांत चिकटल्या की तेथील रक्तप्रवाह तुंबतो. पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. रक्तवाहिन्यांचे अस्तर सुजते व पाझरू लागते. त्याच वेळी तांबड्या पेशी फुटून रक्त कमी होते. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूशी झुंजताना काही वेळा स्वतःच्याच ऊतींस इजा करते.

या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. बोटातून घेतलेल्या रक्तात वाहते जंतू तेवढे दिसतात. अवयवांत चिकटून बसलेले जंतू दिसत नाहीत. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली जंतू थोडे दिसले तरी मूल सुरक्षित आहे, असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तापमापकाचा पारा किती चढला, यावरूनही धोक्याचा अंदाज येत नाही. चिकटलेल्या जंतूंची आणि त्यांनी केलेल्या हानीची वार्ता देणारी दुसरी खूण शोधणे भाग पडले, ते यामुळेच.

हाताशी असलेल्या खुणा

या खुणांपैकी तीन खुणा जुन्या, खात्रीच्या व बऱ्याच ठिकाणी तपासता येण्याजोग्या आहेत.

पहिली खूण रक्तातील साखर. गंभीर हिवतापात मुलांची साखर झपाट्याने उतरते. जंतू साखर खातो, मूल जेवत नाही आणि यकृताकडून साखरेचा पुरवठा अपुरा पडतो. दर १०० मिलिलिटर रक्तात ४० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर असणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार गंभीर हिवतापाचे लक्षण आहे. मधुमेही व्यक्तींच्या घरी साखर मोजण्याचे जे लहान यंत्र असते, त्याच जातीच्या यंत्राने ही तपासणी एका मिनिटाच्या आत होते.

दुसरी खूण हिमोग्लोबिन. बारा वर्षांखालील मुलात ते ५ ग्रॅम किंवा त्याहून खाली गेले आणि रक्तात हिवतापाचे जंतू असले, तर ती तीव्र रक्तक्षयाची अवस्था समजली जाते. ज्या मुलांना आधीपासून कुपोषण व जंत यांनी ग्रासले आहे, त्यांना ही पातळी गाठावयास वेळ लागत नाही.

तिसरी खूण दुग्धाम्ल, म्हणजे लॅक्टेट. प्राणवायू अपुरा पडला की पेशी अर्धवट ज्वलनावर दिवस काढतात आणि हे आम्ल रक्तात साचते. मग मूल खोल व जलद श्वास घेऊ लागते. दर लिटर रक्तात ५ मिलिमोल किंवा त्याहून अधिक दुग्धाम्ल हे धोक्याचे चिन्ह आहे. गॅम्बियातील मुलांवर झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दुग्धाम्लाची वाढ व साखरेची घट यांचा मृत्यूशी असलेला निकटचा संबंध दाखवून दिला.

नव्या खुणांचा शोध

जंतू एक विशिष्ट प्रथिन रक्तात सोडतो. त्यास एच.आर.पी.-२ असे संक्षिप्त नाव आहे. आशा कार्यकर्तीजवळ असलेल्या तत्काळ चाचणीच्या पट्टीवर फॅल्सिपेरमची जी रेघ उमटते, ती सामान्यतः या प्रथिनामुळेच. पट्टी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. परंतु हे प्रथिन वाहत्या व चिकटलेल्या अशा दोन्ही जंतूंपासून रक्तद्रवात येत असल्याने, त्याचे प्रमाण मोजले तर लपलेल्या जंतूंचाही अंदाज बांधता येतो. गंभीर हिवतापाने रुग्णालयात दाखल झालेल्या आफ्रिकी मुलांवरील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ही कल्पना उचलून धरली.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा जंतूच्या नसून रुग्णाच्या शरीराच्या आहेत. रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा झाली की तेथून अँजिओपोएटिन-२ नावाचे प्रथिन बाहेर पडते. प्रतिकारशक्ती प्रक्षुब्ध झाली की एस-ट्रेम-१ व आय.पी.-१० यांसारखे पदार्थ वाढतात. युगांडातील मुलांच्या २०११ सालच्या अभ्यासात असे आढळले की, एकट्या खुणेपेक्षा अशा दोन-तीन खुणा एकत्र पाहिल्या तर कोणाच्या जिवास अधिक धोका आहे, याचे अनुमान अधिक नेमके होते.

भारतातही या दिशेने काम झाले आहे. मध्य प्रदेशातील जबलपूर येथे मेंदूच्या हिवतापाच्या रुग्णांवर झालेले संशोधन २००८ साली प्रसिद्ध झाले. आय.पी.-१० ची वाढ आणि रक्तवाहिन्यांचे रक्षण करणाऱ्या काही घटकांची घट यांचा मृत्यूशी संबंध असल्याचे त्यात दिसून आले. पवई येथील आय.आय.टी. मुंबईच्या संशोधकांनी साध्या व गंभीर हिवतापाच्या रुग्णांच्या रक्तद्रवातील शेकडो प्रथिनांची तुलना करून २०२० साली आपले निष्कर्ष मांडले.

भाकिताच्या मर्यादा

ही प्रगती आशादायक आहे. तथापि तिच्याकडे डोळसपणे पाहणे इष्ट ठरेल. नव्या खुणांपैकी बहुतेकांची तपासणी अद्याप संशोधनाच्या कक्षेत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती नित्य होत नाही. शिवाय अँजिओपोएटिन-२ किंवा एस-ट्रेम-१ यांची वाढ डेंग्यूत व इतर जंतुदोषांतही होते. अर्थात या खुणा मूल किती आजारी आहे, हे सांगतील. आजार कोणता, हे सांगणार नाहीत. ते ठरविण्यासाठी रक्तनमुन्याची तपासणी किंवा तत्काळ चाचणी लागणारच. तत्काळ चाचणीचीही एक मर्यादा आहे. एच.आर.पी.-२ हे प्रथिन रोग बरा झाल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. त्यामुळे उपचारानंतर पुन्हा रेघ उमटली, म्हणजे औषध फुकट गेले असे समजण्याचे कारण नाही.

कोणतीही भाकीत करणारी चाचणी दोन प्रकारे चुकते, हेही अधिकाऱ्यांनी व पालकांनी जाणून घ्यावे. उदाहरणादाखल समजा, हिवतापाच्या १,००० मुलांपैकी २० मुले गंभीर होणार आहेत. चाचणी अशी की, गंभीर होणाऱ्या १०० पैकी ९० ओळखते आणि न होणाऱ्या १०० पैकी ९० जणांना बरोबर वगळते. ही चाचणी वापरल्यास २० पैकी १८ मुले ओळखली जातील व २ सुटतील. उरलेल्या ९८० पैकी ९८ मुलांबाबत विनाकारण इशारा मिळेल. म्हणजे मोठ्या रुग्णालयात पाठविलेल्या ११६ मुलांपैकी खरोखर गरज १८ जणांना होती. हा खर्च वायफळ म्हणावा काय ? विनाकारण केलेल्या फेरीने एक दिवसाची मजुरी बुडते. सुटलेल्या मुलाचा जीव जातो. हा हिशेब ज्याच्या ध्यानात राहील, तो इशाऱ्याकडे पाठ फिरविणार नाही. मात्र सुटलेल्या दोन मुलांसाठी घरच्यांचे डोळे उघडे असले पाहिजेत, हेही तोच हिशेब सांगतो.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा

केनियातील किलिफी येथील रुग्णालयात हिवतापाने दाखल झालेल्या १,८४४ मुलांचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ६४ मुले दगावली. या ६४ पैकी ५४ मुलांत दाखल होतानाच शुद्ध हरपत जाणे किंवा श्वासास त्रास होणे, यांपैकी एक अथवा दोन्ही लक्षणे दिसत होती. ही लक्षणे ओळखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. आईचे, शिक्षकाचे किंवा आशा कार्यकर्तीचे लक्ष पुरेसे होते.

म्हणून पुढील लक्षणे प्रत्येक घरात माहीत असावीत. मूल हाक मारल्यास नीट ओ देत नाही, ग्लानीत पडून राहते. आकडी येते. एरवी बसणारे मूल आधाराशिवाय बसू शकत नाही. दूध वा पाणी पीत नाही, घेतले तर ओकून टाकते. श्वास जलद चालतो, पोट उडते. तळहात व ओठ पांढुरके पडतात. डोळे पिवळे होतात, लघवी काळपट होते किंवा फार कमी होते. यांपैकी एकही लक्षण दिसले, तर रात्र आहे, पाऊस आहे, उद्या बाजारचा दिवस आहे, असा विचार न करता मुलास त्याच घटकेस रुग्णालयात हलवावे. आकडी आली की अंगात काही शिरले, असे समजून वेळ दवडण्याची प्रथा काही भागांत होती व आहे. श्रद्धा ज्याची त्याने जपावी. परंतु आधी इंजेक्शन, मग इतर विधी, हा क्रम मोडू नये.

गंभीर हिवतापावर आर्टेसुनेटचे इंजेक्शन हे आज मान्य झालेले औषध आहे. भारतासह चार आशियाई देशांत १,४६१ रुग्णांवर केलेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन घेतलेल्यांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी १५ टक्के रुग्ण दगावले. आफ्रिकेतील ५,४२५ मुलांवरील २०१० सालच्या चाचणीत हेच प्रमाण अनुक्रमे १०.९ व ८.५ टक्के होते. औषध चांगले असूनही काही मुले दगावतात, याचा अर्थ उघड आहे. मूल पोहोचते केव्हा, यावर बरेच अवलंबून असते.

अंतराचा प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. प्राणहिता व गोदावरी या नद्या त्या जिल्ह्यास तेलंगणापासून वेगळे करतात. परंतु नदीच्या दोन्ही काठांवर जंगल एकच, डास एकच आणि रोटीबेटीचे व्यवहारही एकच. महाराष्ट्रातील हिवतापाच्या रुग्णांत या जिल्ह्याचा वाटा अनेक वर्षे मोठा राहिला आहे. भामरागड, एटापल्ली यांसारख्या तालुक्यांत पावसाळ्यात नदीनाल्यांना पूर आला की गावांचा संपर्क तुटतो आणि हिवतापाचा जोरही त्याच सुमारास वाढतो. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तो अशाच दुर्गम भागात उपचार पोहोचविण्याच्या हेतूने.

धोक्याचे भाकीत करणाऱ्या चाचणीचे खरे मोल अशा ठिकाणी आहे. जेथे रुग्णालय दारात आहे, तेथे शंका आली की मुलास नेता येते. जेथे नाला ओलांडून चार तास चालावयाचे आहे, तेथे ‘आज नेऊ की उद्या पाहू’ हा निर्णय जीवनमरणाचा होतो. रक्ताच्या थेंबावरून सकाळीच इशारा मिळाला, तर पूर चढण्यापूर्वी मूल पलीकडे नेता येईल. परंतु इशारा मिळूनही नाव नसेल, गाडी नसेल, रुग्णालयात औषध नसेल, तर तो इशारा कोरडाच राहील. म्हणून चाचणी, वाहन व औषध ही तिन्ही अंगे एकाच वेळी सिद्ध ठेवावी लागतात.

गाफील राहू नये

भारतात २०१५ साली हिवतापाच्या ११ लाख ६९ हजारांवर रुग्णांची नोंद झाली होती. २०२३ साली ही संख्या सुमारे २ लाख २७ हजारांवर आली. २०२७ पर्यंत देशांतर्गत लागण शून्यावर आणण्याचे व २०३० पर्यंत हिवतापाचे उच्चाटन करण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट आहे. हे यश मोठे आहे. परंतु १९६० नंतरच्या दशकातही असेच यश हाती आले होते. १९६५ च्या सुमारास देशातील रुग्णसंख्या एक लाखापर्यंत खाली गेली आणि १९७६ साली ती ६४ लाखांवर जाऊन पोहोचली. रोग विरळ झाला की तो ओळखण्याची सवयही विरळ होते, हा त्या काळाचा बोध आहे. जगात २०२३ साली हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे मरण पावली. त्यांतील बहुसंख्य मृत्यू आफ्रिकेत झाले आणि त्या खंडातील दर चार मृतांपैकी सुमारे तीन पाच वर्षांखालील बालके होती.

प्रत्येकाचा वाटा

पालकांनी तापाच्या मुलास डॉक्टरकडे नेताना गेल्या काही आठवड्यांत ते कोणत्या गावी राहिले होते, हे न विचारताही सांगावे. ताप आला त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. औषधाचा क्रम अर्धवट सोडू नये. ताप उतरला म्हणजे जंतू संपले, असे होत नाही.

शिक्षकांनी सुटीनंतरचे पहिले तीन आठवडे वर्गातील अनुपस्थितीकडे विशेष लक्ष द्यावे. गावाहून परतलेले मूल तापाने घरी असेल, तर पालकांकडे रक्ततपासणीची चौकशी करावी. २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन याच शहरातील शोधाच्या स्मरणार्थ पाळला जातो. त्या दिवशी धोक्याची लक्षणे मुलांकडून पाठ करून घेतल्यास ती घरोघर पोहोचतील.

अधिकाऱ्यांनी आरोग्य केंद्रात तत्काळ चाचणीच्या पट्ट्या, साखर व हिमोग्लोबिन मोजण्याची साधने आणि आर्टेसुनेटची इंजेक्शने पावसाळ्यापूर्वीच आहेत ना, याची प्रत्यक्ष पाहणी करावी. साखर मोजण्याचे यंत्र आहे पण पट्ट्या संपल्या आहेत, अशी स्थिती असेल तर यंत्र नसल्यासारखेच आहे. दुर्गम गावांतून रुग्ण हलविण्याची योजना नावे, मार्ग व वाहने यांसह लेखी तयार असावी.

नव्या जैवसूचकांच्या चाचण्या एक ना एक दिवस आशा कार्यकर्तीच्या पिशवीत येतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. त्या आल्यावर धोक्यातील मूल काही तास अगोदर ओळखता येईल. त्या काही तासांचा उपयोग करण्याची तयारी मात्र आजच करावयाची आहे. तापाच्या पहिल्या दिवशी तपासणी, धोक्याचे पहिले लक्षण दिसताच प्रयाण आणि प्रवासाची खरी माहिती, या तीन गोष्टी आजही प्रत्येक घराच्या आवाक्यात आहेत.